मांसल शोभिवंत वनस्पतींची लागवड

पाने, खोड किंवा मुळे यांपैकी एका किंवा अधिक अवयवांत पाणी साठवून दीर्घ कोरड्या काळात तग धरणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. रोपवाटिकांमध्ये त्या ‘सक्युलंट’ या नावाने ओळखल्या जातात. कोरफड, घायपात, पानफुटी, निवडुंग, अडेनियम, जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया आणि सान्सेव्हिएरिया या त्यांपैकी विशेष परिचित वनस्पती होत. आकर्षक आकार, मंद वाढ आणि कमी निगा या गुणांमुळे कुंड्या, गच्ची, खिडक्या व शिलोद्यान यांसाठी त्यांची मोठ्या प्रमाणावर लागवड केली जाते.

या वनस्पतींना पाणी नको असते, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो अपुरा आहे. वाढीच्या काळात त्यांना भरपूर पाणी लागते. त्यांना सहन होत नाही ती मुळांभोवती दीर्घकाळ टिकणारी, हवा कोंडणारी ओल. लागवडीतील बहुतेक अपयश याच कारणाने येते. त्यामुळे कुंडीची निवड, माती, प्रकाश व पाणी यांचे सर्व नियम मुळांना मिळणाऱ्या हवेशी जोडलेले आहेत.

व्याख्या व व्याप्ती

‘मांसल’ ही वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणातील श्रेणी नसून वनस्पतींच्या जीवनपद्धतीचे वर्णन आहे. साठच्या आसपास कुलांमध्ये मांसल जाती आढळतात. परस्परांशी दूरचे नाते असलेल्या वनस्पतींत हे वैशिष्ट्य स्वतंत्रपणे विकसित झाले आहे. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

निवडुंग आणि मांसल युफोर्बिया हे तिचे नेहमीचे उदाहरण होय. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. मात्र दोन्हींची कुले भिन्न आहेत. खरे निवडुंग हे निवडुंग कुलातील असून त्यांचे काटे एरिओल नावाच्या लवदार ठिपक्यांतून उगवतात. एक जाती वगळता हे कुल मूळचे अमेरिका खंडांतील आहे. एरंड कुलातील मांसल युफोर्बियांत असे ठिपके नसतात आणि खोडाला इजा होताच पांढरा चीक वाहतो. भारतात कुंपणाला लावला जाणारा शेर आणि काटेरी थोर हे या दुसऱ्या गटातील आहेत, तर फड्या निवडुंग हा खरा निवडुंग आहे.

सर्वच निवडुंग वाळवंटी नसतात. महाराष्ट्रात अनेक घरांत ‘ब्रह्मकमळ’ म्हणून जपले जाणारे, रात्री उमलणारे पांढरे फूल एपिफायलम ऑक्सिपेटलम या निवडुंगाचे असते. ही वनस्पती मध्य अमेरिकेतील दमट वनांत झाडांवर वाढते. हिमालयातील खऱ्या ब्रह्मकमळाशी तिचा संबंध नाही. तिला वाळवंटी निवडुंगांपेक्षा अधिक सावली, सेंद्रिय माती आणि नियमित पाणी लागते.

पाणी साठविण्याची यंत्रणा

मांसल वनस्पतींच्या पाण्याने भरलेल्या ऊतींतील पेशी मोठ्या, पातळ भित्तीच्या व मोठ्या रिक्तिकांच्या असतात. पाने किंवा खोडे जाड झाल्याने आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी राहतो आणि बाष्पोत्सर्जन घटते. मेणाचा थर, लव, काटे आणि पानांची गुच्छासारखी मांडणी यांचाही याच कामी उपयोग होतो.

बहुतेक मांसल वनस्पती दिवसा पर्णरंध्रे बंद ठेवतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून शर्करा तयार होते. क्रॅसुलेसी कुलात या प्रक्रियेचा प्रथम अभ्यास झाल्यामुळे तिला ‘क्रॅसुलेसी आम्ल चयापचय’ असे नाव मिळाले. या अभ्यासाचे एक महत्त्वाचे आरंभीचे निरीक्षण भारतात झाले. पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात, दुपारी त्यांची चव जाते आणि संध्याकाळी ती किंचित कडवट लागतात, अशी नोंद भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी केली. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले.

या चयापचयाचा लागवडीशी थेट संबंध आहे. रात्री तापमान उतरले नाही तर डोंगराळ प्रदेशांतील जातींची वाढ मंदावते. एचेव्हेरियासारख्या वनस्पती पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वर येथे चांगल्या रंगतात, पण मुंबईच्या उष्ण व दमट रात्रींत निस्तेज होऊन सहज कुजतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

लागवडीचा इतिहास

कोरफडीची औषधी लागवड प्राचीन आहे. शोभेसाठी मांसल वनस्पतींचा संग्रह करण्याची प्रथा युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वनस्पतींमुळे वाढली. रिचर्ड ब्रॅडली यांनी १७१६ पासून भागशः प्रसिद्ध केलेला ग्रंथ हा केवळ मांसल वनस्पतींना वाहिलेल्या पहिल्या ग्रंथांपैकी एक होय. क्यू उद्यानाने १७७२ मध्ये फ्रान्सिस मॅसन यांना केप प्रांतात पाठविले. त्यांनी स्टॅपेलियांसह अनेक वनस्पती युरोपात आणल्या. इंग्लंडमधील एड्रियन हॉवर्थ यांच्या नावावरून हॉवर्थिया, तर मेक्सिकोतील वनस्पतिचित्रकार आतानासिओ एचेव्हेरिया यांच्या नावावरून एचेव्हेरिया या प्रजातींना नावे मिळाली.

मोनॅकोतील विदेशी वनस्पती उद्यान आणि कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन वनस्पती उद्यान येथे मांसल वनस्पतींचे प्रसिद्ध संग्रह आहेत. भारतात हरियाणातील पंचकुला येथे सुमारे ७ एकरांत पसरलेले राष्ट्रीय निवडुंग व मांसल वनस्पती उद्यान आहे.

लागवडीतील प्रमुख गट

निगेच्या दृष्टीने वनस्पतीचे कुल जाणण्यापेक्षा तिचा वाढीचा हंगाम जाणणे अधिक उपयोगी ठरते.

उष्ण काळात वाढणाऱ्या वनस्पती : अडेनियम, पॅचिपोडियम, बहुतेक मांसल युफोर्बिया, सान्सेव्हिएरिया व अनेक निवडुंग. भारतीय हवामानात त्या फेब्रुवारी-मार्चपासून वाढू लागतात. अडेनियमची पाने थंडीत गळतात. ही सुप्तावस्था असून ती मृत्यूचे लक्षण नव्हे.

समशीतोष्ण काळात वाढणाऱ्या वनस्पती : कोरफडीच्या अनेक शोभिवंत जाती, हॉवर्थिया, गॅस्टेरिया, जेड व एचेव्हेरिया. दख्खनच्या पठारावर त्या ऑक्टोबर ते मार्च या काळात उत्तम वाढतात आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाढ थांबवितात.

थंड काळात वाढणाऱ्या वनस्पती : लिथॉप्स, कोनोफायटम आणि दक्षिण आफ्रिकेतील हिवाळी पावसाच्या प्रदेशातील इतर वनस्पती. गोट्यांसारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सला दोन पाने असतात. दरवर्षी नवी जोडी जुन्या पानांतील पाणी शोषून बाहेर येते. जुनी पाने पूर्ण सुकण्यापूर्वी पाणी दिल्यास ती पुन्हा फुगतात आणि वनस्पतीचे चक्र बिघडते.

दक्षिण गोलार्धातून आणलेल्या वनस्पती काही काळाने उत्तर गोलार्धातील ऋतूंशी जुळवून घेतात. मूळ प्रदेशात जून ते ऑगस्टमध्ये वाढणारी वनस्पती भारतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाढते.

कुंडीतील लागवड

कुंडी : तळाला पुरेशी छिद्रे असणे ही पहिली अट आहे. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून ओलावा उडून जातो. म्हणून दमट भागांत ती श्रेयस्कर ठरते. प्लॅस्टिकच्या कुंडीत माती अधिक काळ ओली राहते, त्यामुळे पाण्यामधील अंतर वाढवावे लागते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा किंचितच मोठी असावी. मोठ्या कुंडीतील मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते. काचेचे बंद पात्र आणि छिद्र नसलेली चिनी मातीची भांडी शोभेची असली तरी मांसल वनस्पतींच्या दीर्घकालीन वाढीस अयोग्य आहेत.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज चुकीचा आहे. बारीक माती संपृक्त झाल्याशिवाय तिच्यातील पाणी खालच्या जाड खडीत उतरत नाही. परिणामी ओला पट्टा वर सरकतो आणि मुळांना उपलब्ध जागा कमी होते. छिद्रावर जाळीचा किंवा खापराचा तुकडा ठेवणे पुरेसे असते. निचरा सुधारायचा असल्यास संपूर्ण मिश्रणच भरड असावे लागते.

माती : दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते व वाळल्यावर भेगाळते, म्हणून कुंडीसाठी ती वापरली जात नाही. सामान्यतः दोन भाग भरड खनिज पदार्थ आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, गांडूळखत किंवा पानांचे खत असे मिश्रण घेतात. खनिज भागासाठी चाळलेला मुरूम, विटांचे तुकडे, भरड वाळू, प्यूमिस किंवा परलाइट वापरतात. कण साधारण ३ ते ६ मिमी. आकाराचे असावेत आणि धूळ चाळून किंवा धुऊन काढावी, कारण हीच धूळ कणांमधील पोकळ्या बुजविते. समुद्राची वाळू तिच्यातील क्षारांमुळे टाळतात. कोकोपीट हलके व स्वस्त असले तरी ते पाणी धरून ठेवते आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा सहज भिजत नाही. रोपवाटिकेतून केवळ कोकोपीटमध्ये वाढविलेली रोपे आणल्यास ती योग्य मिश्रणात हलविणे हिताचे असते.

प्रकाश : बहुतेक जातींना दिवसातून ४ ते ६ तास ऊन किंवा तेजस्वी प्रकाश लागतो. प्रकाश कमी पडल्यास खोड लांबते, पानांतील अंतर वाढते आणि रंग फिका होतो. अशी लांबलेली वाढ नंतर उन्हात ठेवूनही पूर्ववत होत नाही. हॉवर्थिया, गॅस्टेरिया व सान्सेव्हिएरिया यांना गाळून येणारा प्रकाश चालतो. सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवल्यास पानांवर पांढरट किंवा तपकिरी कायमचे डाग पडतात. त्यामुळे २ ते ३ आठवड्यांत क्रमाक्रमाने ऊन वाढवावे. एप्रिल-मेमध्ये अनेक जातींसाठी ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी वापरतात.

खत : या वनस्पतींची गरज अल्प असते. वाढीच्या हंगामात कमी नत्राचे द्रवखत, नेहमीच्या मात्रेच्या निम्म्या किंवा चतुर्थांश प्रमाणात, महिन्यातून एकदा पुरते. अधिक नत्रामुळे ऊती मऊ होऊन कूज व कीड यांना बळी पडतात. सुप्तावस्थेत खत देत नाहीत.

पाण्याचे व्यवस्थापन

पाणी देण्याचे ठराविक वेळापत्रक उपयोगी पडत नाही, कारण कुंडी, मिश्रण, हवा व ऋतू यांनुसार माती वाळण्याचा काळ बदलतो. मिश्रणात लाकडी काडी खोलवर घालून ती कोरडी निघते का, हे पाहणे किंवा कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेणे अधिक विश्वसनीय आहे. वाढीच्या काळात मिश्रण पूर्ण वाळल्यावर तळाच्या छिद्रांतून पाणी वाहेपर्यंत पाणी द्यावे, बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि पुन्हा वाळेपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि खोलवरची मुळे कोरडी राहतात. पानांच्या गुच्छात पाणी साचू देऊ नये.

पानांची लक्षणे पुढीलप्रमाणे असतात. पाने पिवळसर, अर्धपारदर्शक व मऊ होऊन हलक्या स्पर्शाने गळत असतील तर पाणी जास्त झालेले असते. पाने सुरकुतलेली पण घट्ट असतील तर पाणी कमी पडलेले असते आणि पाणी दिल्यावर काही दिवसांत ती भरतात. मात्र माती ओली असूनही पाने सुरकुतलेली असतील, तर मुळे कुजून पाणी शोषण्याची क्षमता गेलेली असते. या अवस्थेत तहान समजून आणखी पाणी दिले जाते आणि वनस्पती मरते. अशा वेळी रोप कुंडीतून काढून काळी, बुळबुळीत मुळे स्वच्छ धारदार पात्याने कापावीत, जखम सावलीत काही दिवस वाळू द्यावी आणि कोरड्या, ताज्या मिश्रणात लावून काही दिवसांनी पाणी द्यावे.

पावसाळा हा महाराष्ट्र व गोव्यातील लागवडीचा सर्वांत कठीण काळ होय. लिथॉप्स व कोनोफायटम यांच्या मूळ प्रदेशात, दक्षिण आफ्रिकेतील सक्युलंट कारूमध्ये, वर्षाला साधारण १०० ते २५० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातील बराचसा हिवाळ्यात पडतो. मुंबईत वर्षाला २,००० मिमी.हून अधिक, तर पुण्यात सुमारे ७०० मिमी. पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार उष्ण, दमट महिन्यांत येतो. त्यामुळे मान्सूनपूर्वी कुंड्या पारदर्शक छपराखाली हलविणे, त्यांच्यामध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवणे आणि छिद्रे जमिनीला टेकणार नाहीत अशा प्रकारे त्या विटांवर ठेवणे आवश्यक ठरते. छत असले तरी दमट हवेत माती सावकाश वाळते. म्हणून पाण्यामधील अंतर वाढवावे लागते. अडेनियम, शेर व घायपात चांगल्या निचऱ्याच्या जागी पाऊस सहन करतात. एचेव्हेरिया, लिथॉप्स व लवदार पानांच्या जाती तो सहन करीत नाहीत.

बागेतील लागवड

सपाट, भारी जमिनीत थेट लागवड करण्याऐवजी ३० ते ४५ सेंमी. उंचीचे उतरते वाफे करतात. मुरूम, खडी व दगड यांच्या थरांमुळे पाणी निघून जाते आणि शिलोद्यानाची रचनाही साधते. कोकण व गोव्यात जांभ्या दगडाचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो. पागोळ्यांखालील जागा टाळतात. घायपातीची टोके तीक्ष्ण असल्याने ती पायवाटेपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावतात. घायपातीच्या बहुतेक जातींत फुलोरा आल्यावर मूळ झाड मरते आणि बुंध्याजवळील पिल्ले पुढे वाढतात.

काही मांसल वनस्पती बागेबाहेर पसरल्यास उपद्रवी ठरतात. ऑस्ट्रेलियात कुंपणासाठी नेलेल्या फड्या निवडुंगाने विस्तीर्ण जमीन व्यापली. १९२० च्या दशकात कॅक्टोब्लास्टिस या पतंगाच्या अळ्यांच्या साहाय्याने तो आटोक्यात आणला गेला. पानांच्या कडेवर असंख्य रोपे तयार करणाऱ्या कलांचोच्या जातीही अनेक देशांत तण बनल्या आहेत. त्यामुळे छाटलेले भाग ओढ्याकाठी किंवा माळावर टाकणे अयोग्य आहे.

अभिवृद्धी

पानापासून : एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलम, सीडम व जेड यांची पाने बुडापासून अखंड काढून कोरड्या मिश्रणावर ठेवल्यास मुळे व नवी रोपे फुटतात. बूड तुटलेले पान सहसा रोप देत नाही. पिवळ्या कडांच्या सान्सेव्हिएरियाचे पानाच्या तुकड्यांपासून मिळालेले रोप हिरवे निघते. रंग टिकविण्यासाठी कंदाचे विभाजन करावे लागते.

फाट्यापासून : कापलेला फाटा सावलीत ३ ते ७ दिवस ठेवून जखमेवर कोरडी खपली धरू द्यावी आणि मगच लावावा. युफोर्बियाचा चीक वाहणे थांबविण्यासाठी कापलेले टोक पाण्यात बुडवितात.

पिल्लांपासून : कोरफड, हॉवर्थिया व घायपात यांची पिल्ले मुळांसह वेगळी करतात.

बियांपासून : अडेनियमचा फुगीर बुंधा बियांपासूनच्या रोपांत चांगला तयार होतो, फाट्यापासून केलेल्या रोपात तो सहसा तसा येत नाही. म्हणून विशिष्ट रंगाच्या फुलांसाठी बियांच्या रोपावर कलम करतात.

कलमाने : बाजारातील लाल-पिवळे गोल निवडुंग हे हरितद्रव्य नसलेले जिम्नोकॅलिसियम असून ते हिरव्या निवडुंगाच्या खुंटावर कलम केलेले असतात. खुंट मेल्यास वरचा भाग जगत नाही.

किडी व रोग

पिठ्या ढेकूण ही सर्वांत सामान्य कीड होय. ती पानांच्या बेचक्यांत कापसासारखी दिसते. तिचा एक प्रकार मुळांवरही आढळतो आणि कुंडी बदलतानाच लक्षात येतो. किडी थोड्या असतील तर अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने त्या पुसतात. प्रादुर्भाव वाढल्यास कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करतात. तेलामुळे एचेव्हेरियाच्या पानांवरील मेणाचा थर निघतो. म्हणून आधी एका पानावर चाचणी घ्यावी. याशिवाय खवले कीड, फुलोऱ्यावर मावा आणि कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आढळतात. कण्हेरीवर येणारे सुरवंट तिच्याच कुलातील अडेनियमची पाने खातात. नवे रोप काही आठवडे इतरांपासून वेगळे ठेवल्यास प्रसार टळतो.

रोगांपैकी मूळकूज व खोडकूज सर्वाधिक घातक असतात. कूज वर चढत असल्यास निरोगी ऊती दिसेपर्यंत खोड कापून वरचा भाग नव्याने रुजविणे हाच बहुधा उपाय उरतो.

विषारीपणा

युफोर्बियाचा चीक त्वचेला दाहक असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. छाटणीच्या वेळी हातमोजे व चष्मा वापरतात. अडेनियमच्या रसात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात आणि आफ्रिकेत तो बाणांच्या विषासाठी वापरला गेला आहे. कलांचो व पानफुटी गुरांना आणि पाळीव प्राण्यांना अपायकारक आहेत. हॉवर्थिया व एचेव्हेरिया निरुपद्रवी मानल्या जातात.

संवर्धन

मांसल वनस्पतींच्या वाढत्या लोकप्रियतेचा ताण त्यांच्या नैसर्गिक अधिवासावर पडला आहे. अनेक जाती एखाद्या टेकडीपुरत्या मर्यादित असतात आणि अत्यंत मंद वाढतात. त्यामुळे काही पोती भरून नेलेल्या वनस्पतींनीही एखादी जाती संपुष्टात येऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमची आणि कॅलिफोर्नियात डडलियाची मोठ्या प्रमाणावर चोरी झाली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये डडलियाच्या चोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात जवळजवळ सर्व निवडुंग, मांसल युफोर्बिया आणि नेहमीची कोरफड वगळता तिच्या प्रजातीतील इतर जाती यांचा समावेश आहे.

महाराष्ट्रातही अशी वनस्पती आहे. शिंदळ माकुडी अर्थात फ्रेरिया इंडिका ही मांसल वनस्पती सह्याद्रीतील मोजक्या कड्यांवर आढळते. जुन्नरजवळचा शिवनेरी हे तिचे प्रसिद्ध स्थान आहे. निकोल डालझेल यांनी १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. काही तज्ज्ञ तिचा समावेश बाउसेरोसिया प्रजातीत करतात. पावसाळ्यात तिला पाने येतात, कोरड्या ऋतूत ती गळतात आणि केवळ मांसल खोड उरते. जांभळट तांबड्या पाकळ्यांवर पिवळसर ठिपके असलेल्या तिच्या फुलांमुळे संग्राहकांना तिचे आकर्षण आहे. अधिवासात दुर्मिळ असली तरी फाट्यांपासून ती सहज वाढते. त्यामुळे उद्यानांतील लागवड तिच्या संवर्धनाचे एक साधन ठरली आहे. सह्याद्रीतील कंदीलपुष्पाच्या अनेक प्रदेशनिष्ठ जातींबाबतही कड्यावरून उपटलेला कंद आणि बी किंवा फाट्यापासून तयार केलेले रोप यांतील फरक तितकाच निर्णायक आहे.

रोपवाटिकेत वाढविलेले रोप सामान्यतः आकाराने एकसारखे, डागरहित आणि कुंडीत पसरलेल्या ताज्या मुळांचे असते. अधिवासातून काढलेल्या रोपावर ऊन व जनावरे यांचे व्रण असतात, मुळे तुटलेली असतात आणि कुंडीत ते बहुधा फार काळ जगत नाही.